चाळीसचे पाच कसे झाले? इंटरनेटच्या वेगाची एकके आणि आपल्या जंगलपट्ट्यातला खरा वेग

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक लहानशी अभ्यासिका आहे. तलाठी, पोलीस भरती, बँक, सेट-नेट अशा परीक्षांची तयारी करणारी वीस-बावीस मुले-मुली तिथे रोज बसतात. दोन वर्षांपूर्वी घरोघरी वर्गणी काढून तिथे ब्रॉडबँड घेतले. प्लॅन '४० एमबीपीएस'चा होता. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने सराव प्रश्नसंचांची १.२ जीबीची फाइल डाउनलोडला लावली आणि पडद्यावर वेग दिसला ४.७ एमबी प्रति सेकंद. झाले! वर्गणीचा हिशेब ठेवणारे काकाजी म्हणजे पैशाला पैसा जुळल्याशिवाय वही न मिटणारा माणूस. ते म्हणाले, "चाळीस सांगतले अन् पाच बी नाही भेटून राह्यले. काहून बा? फसवलं ना आपल्याले!"

रविवारी वंदना आटोपल्यावर बैठक बसली. कनेक्शन जोडून देणाऱ्या मुलाला बोलावले आणि चारचौघांत जाब विचारला. त्यालाही नीट सांगता आले नाही. "सर्व्हर स्लो असेल" एवढेच तो म्हणत राहिला. शेवटी पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका मुलीने फळ्यावर चाळीसला आठने भागून दाखवले. उत्तर पाच. वेग बरोबर होता, चूक आमच्या वाचण्यात होती. त्या पोराची आम्ही माफी मागितली.

त्या दिवशी फसवणूक झालेली नव्हती. पण फसवणूक कधीच होत नाही असेही नाही, आणि ती ओळखायची तर आधी माप कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

बिट आणि बाइट

संगणकातली माहितीची सर्वांत लहान एकक म्हणजे बिट : शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. फाइल किती मोठी आहे हे बाइटमध्ये सांगतात. फोटो ३ एमबीचा, पुस्तक ६० एमबीचे, सिनेमा १ जीबीचा. तार किंवा टॉवरमधून माहिती किती वेगाने वाहते ते मात्र बिटमध्ये सांगतात. ही पद्धत तारयंत्र आणि टेलिफोनच्या काळापासूनच्या दळणवळण अभियांत्रिकीतून आली आहे. तारेवरून एकामागून एक बिट जातात, म्हणून तिथे बिट मोजतात. संगणकाच्या साठवणुकीत बाइट हा हाताळायचा घास असतो, म्हणून तिथे बाइट. आपल्याकडे चार शेरांची एक पायली असे. भाव पायलीचा विचारायचा आणि माल शेराने मोजून घ्यायचा, तर घोटाळा होणारच. इथे चारऐवजी आठ आहेत, एवढाच फरक.

इंग्रजीत हा फरक दाखवायला एक खूण आहे. बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी कॅपिटल 'बी'. मराठीत आपण दोन्ही 'एमबी'च लिहितो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे 'एमबीपीएस' या एकाच शब्दात आठपट फरकाच्या दोन गोष्टी लपतात. जाहिरातीच्या मराठी फलकावर तर हमखास. तेव्हा नियम असा धरावा : कंपनी, प्लॅन, स्पीड टेस्ट आणि सरकारी घोषणा यांतले 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना ब्राउझरमध्ये किंवा डाउनलोड मॅनेजरमध्ये दिसणारे 'एमबी प्रति सेकंद' म्हणजे मेगाबाइट. पहिल्याला आठने भागले की दुसरे मिळते. या लेखात आम्ही वेगासाठी 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबिट आणि फाइलसाठी 'एमबी' म्हणजे मेगाबाइट असेच वापरले आहे.

मग आमच्या अभ्यासिकेत ५ ऐवजी ४.७ का? कारण माहिती पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिलेला असतो. नेहमीचे पाकीट १,५०० बाइटचे. त्यातले ४० बाइट पत्त्या-निशाणीचे, आणि तारेवर चढताना त्याला आणखी ३८ बाइटचे वेष्टन लागते. म्हणजे १,५३८ बाइट वाहून नेले तेव्हा कामाचे १,४६० पोचले. सुमारे पाच टक्के असे जातात. ही चोरी नाही, टपालखर्च समजा. ४.७५ एमबी प्रति सेकंदाने १,२०० एमबीची फाइल सव्वाचार मिनिटांत उतरायला हवी, आणि आमची तेवढ्यातच उतरली होती.

किलो आणि मेगाचाही एक जुना गोंधळ आहे, तो थोडक्यात सांगतो. वेग मोजताना किलो म्हणजे नेहमीचे १,०००. संगणकाची साठवण मोजताना मात्र विंडोज १,०२४ ने गुणते. म्हणून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकाला लावला की २९.८ जीबी दिसतो. दुकानदाराने काही काढून घेतलेले नसते. १,०२४ च्या मापासाठी किबी, मेबी अशी वेगळी नावे आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्येच ठरवून दिली, पण ती बाजारात रुजली नाहीत.

'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचे

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. म्हणजे सेकंदाला ३२ केबी. २०१३ मध्ये ही व्याख्या ५१२ केबीपीएस झाली. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती २ एमबीपीएसवर आणली. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५० केबी. आजही कायद्याच्या भाषेत एवढे मिळाले की ते ब्रॉडबँड. जाहिरातीतल्या शंभर-दीडशेच्या आकड्यांपुढे हे दोन फार केविलवाणे वाटतात, पण जिवती किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात तेवढेही सतत मिळाले तर लोक पेढे वाटतील.

एखादे उदाहरण धरून पाहू. बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आज इंटरनेटवर मोफत मिळतात. समजा एका खंडाची फाइल ६० एमबीची आहे. ४० एमबीपीएसवर ती तेरा सेकंदांत येईल. २ एमबीपीएसवर चार मिनिटांच्या थोडी वर. आणि दिवसाचा डेटा संपल्यावर अनेक मोबाइल प्लॅनमध्ये जो ६४ केबीपीएस वेग उरतो, त्यावर? ६४ ला ८ ने भागा, सेकंदाला ८ केबी. साठ हजार केबीला साडेसात हजार सेकंद, म्हणजे दोन तास पाच मिनिटे, तेही मध्ये कनेक्शन तुटले नाही तर. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनचा हा शेवटचा पदर बारीक अक्षरात असतो. नेट बंद झाले असे कंपनी म्हणत नाही, आणि चालू आहे असे वापरणाऱ्याला वाटत नाही.

व्हिडिओचा हिशेब वेगळा, कारण तिथे फाइल पूर्ण उतरायची वाट पाहायची नसते. पाहण्याच्या वेगाने माहिती येत राहिली की पुरते. यूट्यूबने सांगितलेली गरज अशी : ३६०पी साठी ०.७ एमबीपीएस, ४८०पी साठी १.१, ७२०पी साठी २.५ आणि १०८०पी साठी ५. फळ्यावर लिहिलेले गणित वाचायला ४८०पी बहुधा पुरते, आणि नुसते व्याख्यान ऐकायचे असेल तर ३६०पी भरपूर झाले. २.५ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ पाहिला तर सुमारे १,१२५ एमबी खर्च होतात, ०.७ ने पाहिला तर ३१५ एमबी. ज्या मुलीकडे दिवसाला दीड जीबी आहे, तिने व्हिडिओचा दर्जा आपणहून खाली केला तर एकाऐवजी चार तासांचे वर्ग होतात. ही एक सेटिंग आम्ही अभ्यासिकेतल्या प्रत्येकाच्या फोनवर करून दिली आणि त्याचा उपयोग नव्या राउटरपेक्षा जास्त झाला.

'पर्यंत' हा शब्द

जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' लिहिलेले असते. सगळा खेळ त्या 'पर्यंत'मध्ये आहे. तो कमाल वेग आहे, किमान नव्हे.

आपल्या भागात मामा तलाव आणि बोड्या आहेत, त्यामुळे हे समजावणे सोपे जाते. तलाव भरलेला असला तरी बांधीत किती पाणी येईल हे पाटाची रुंदी, वरच्या बांध्यांनी किती घेतले आणि मध्ये कुठे फुटले आहे यावर ठरते. इंटरनेटमध्येही वेग सर्वांत अरुंद जागा ठरवते, आणि ती जागा दर वेळी वेगळी असते.

कधी ती तुमच्या घरातच असते. राउटर लोखंडी कपाटात ठेवला, किंवा मध्ये दोन जाड भिंती आल्या, की वाय-फाय अर्धे होते. जुन्या स्वस्त फोनमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असते. त्यावर फोन '७२ एमबीपीएस' जोडणी दाखवतो आणि प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास देतो. तुम्ही दीडशेचा प्लॅन घेतलात तरी त्या फोनवर दीडशे कधीच दिसणार नाही. काही स्वस्त राउटरांची तारेची जोडणीच १०० एमबीपीएसची असते. म्हणून तक्रार करण्याआधी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून एकदा वेग मोजावा. तारेवर वेग बरोबर आणि वाय-फायवर कमी, तर दोष कंपनीचा नाही.

कधी ती जागा वाटेकऱ्यांत असते. आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातनंतर वीस फोन जोडलेले असतात. ४० भागिले २० म्हणजे प्रत्येकी दोन. त्यात एकाचा फोन मागच्या मागे फोटोंचा बॅकअप घेत असेल तर बाकीचे बोंबलतात. आम्ही दोन महिने कंपनीला शिव्या घातल्या आणि मग कळले की अर्धे पाणी आमच्याच बांधीत मुरत होते.

आणि कधी समोरचा सर्व्हरच हळू असतो. निकालाच्या दिवशी बोर्डाचे संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा तुमचे नेट उत्तम असले तरी काही उपयोग नाही. लाखो लोक एकाच दारावर थाप मारत असतात.

टॉवरची रेंज फुल, तरी नेट नाही

चंद्रपूर शहर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा इथे बहुतेकांचा प्रश्न वर सांगितला तेवढाच. ताडोब्याच्या कडेची गावे, जिवतीचा डोंगर, आणि धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा इथला प्रश्न वेगळा आहे. तिथे मोबाइल हेच नेट.

मोबाइलच्या टॉवरकडे ठराविक लहरींचा पट्टा असतो आणि तो त्या भागातल्या सर्वांत वाटला जातो. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा साध्या दोन अँटेनांच्या व्यवस्थेत कागदावर १५० एमबीपीएस देतो. ५ मेगाहर्ट्झचाच पट्टा असेल तर ३७ च्या आसपास. हा आकडा टॉवरच्या एका बाजूचा, सर्वांचा मिळून आहे, एका फोनचा नाही. समजा प्रत्यक्षात ३० मिळतात आणि एकाच वेळी साठ जण वापरताहेत. प्रत्येकाला अर्धा एमबीपीएस, सेकंदाला ६२ केबी. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, कारण त्या काड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो एवढेच सांगतात. टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत.

१५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी कधी फोटो पाठवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली, त्या मैदानावर त्या दोन दिवसांत माणूस मावत नाही. फोन काड्या पूर्ण दाखवतो आणि एक फोटो जात नाही. सोहळ्याचे थेट प्रक्षेपण करू पाहणाऱ्या तरुणांना आमचा सल्ला : मोबाइलच्या भरवशावर राहू नका, जवळच्या एखाद्या इमारतीतून तारेची जोडणी घ्या. आणि तिचा अपलोडचा वेग आधी मोजा, डाउनलोडचा नव्हे. गावात बसून पाहणाऱ्या आजीला १०८०पी नको असते. ४८०पी न अडकता चालले तर तिचे डोळे भरतात.

टॉवर स्वतः बाहेरच्या जगाशी कसा जोडला आहे, ही दुसरी अरुंद जागा. फायबर केबल असेल तर उत्तम. नसेल तर एका टॉवरवरून दुसऱ्यावर सूक्ष्मलहरींची तबकडी लावतात, आणि तेही जमत नसेल तर उपग्रह. उपग्रहावर चालणाऱ्या टॉवरवर ४जी लिहिलेले दिसले तरी मागची नळी बारीकच असते.

आपल्या भागातले बरेच टॉवर केंद्राच्या नक्षलप्रभावित भागांसाठीच्या योजनेतून उभे राहिले. २०१४ मध्ये मंजूर झालेला पहिला टप्पा २जीचा होता. बोलता यावे एवढाच त्याचा हेतू. २जीवर डेटाचा वेग अगदी चांगल्या स्थितीतही काहीशे केबीपीएसपुढे जात नाही. त्या पहिल्या टप्प्यातले दहा राज्यांतले २,३४३ टॉवर ४जीवर नेण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली, त्यात महाराष्ट्र आहे. मधली आठ वर्षे मोजा. याच काळात शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, रेशनचा अंगठा, रोजगार हमीची हजेरी असे सगळे ऑनलाइन झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळाही ऑनलाइन गेली. सरकारने काम नेटवर नेले आणि नेट मागाहून पाठवले, असा तो क्रम आहे. आमच्या मते या प्रश्नाचे मूळ इथे आहे, तंत्रज्ञानात नाही.

झाडीचाही भाग आहे. ओल्या पानांमधून लहरी जाताना क्षीण होतात, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितक्या अधिक. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि झाडीतून जातात, २,३०० च्या तितक्या जात नाहीत. म्हणून एकाच गावात एका कंपनीचे सिम चालते आणि दुसरीचे नाही. पावसाळ्यात वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, रस्त्याच्या कामात केबल तुटते, आणि भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की दुरुस्तीचा माणूसही पोचू शकत नाही. त्या दिवसांत वेग मोजायचा प्रश्नच उरत नाही.

काड्यांपेक्षा खरा आकडा हवा असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' आणि त्याखाली 'सिम स्टेटस' पाहा. तिथे डीबीएममध्ये उणे आकडा दिसतो. ४जीवर उणे ९० पर्यंत चांगला, उणे ११० च्या खाली गेला की अवघड. उणे असल्यामुळे लहान आकडा चांगला, हे लक्षात ठेवावे. घराच्या कोणत्या कोपऱ्यात तो सुधारतो हे एकदा फिरून पाहिले, तर रोज टेकडीवर चढणे कधी कधी वाचते.

वेग आणि उशीर

वेगाशिवाय आणखी एक माप आहे : उशीर. स्पीड टेस्टमध्ये ते 'पिंग' किंवा 'लेटन्सी' म्हणून मिलिसेकंदात दिसते. आपण हाक मारल्यावर ओ यायला किती वेळ लागतो, ते हे माप. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे गडचिरोलीहून हजारभर किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला दहा मिलिसेकंद आणि वर थोडे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली. प्रकाशाच्या वेगानेही याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. एखादे सरकारी पोर्टल एक पान उघडायला असे वीस-तीस प्रश्नोत्तरे करते. म्हणून उपग्रहावरच्या टॉवरखाली वेग 'बरा' दिसूनही पान उघडत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचे नाव आहे. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे उशीर बराच कमी. शाळा आणि आरोग्य केंद्रांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण तिथेही एका तबकडीचा वेग किती जणांत वाटला जाणार हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

अर्ज भरणाऱ्यांसाठी

आमच्याकडे वर्षभरात सर्वांत जास्त रडारड होते ती शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या वेळी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो की स्वाधार योजना, कागदपत्रे स्कॅन करून चढवावी लागतात. चढवणे म्हणजे अपलोड, आणि मोबाइलवर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बहुधा बराच कमी असतो. फोनची बॅटरी टॉवरच्या ताकदीने ओरडू शकत नाही, हे त्याचे एक साधे कारण.

समजा अपलोडचा वेग ०.२ एमबीपीएस आहे. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला जातीच्या दाखल्याचा फोटो ४ एमबीचा. चार आठे बत्तीस मेगाबिट, भागिले ०.२, म्हणजे १६० सेकंद. तेवढ्यात पोर्टलचे सत्र संपते आणि पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. तोच फोटो २०० केबीचा केला तर आठ सेकंद. पोर्टले मुळातच केबीत मर्यादा घालतात, पण मुले फाइल लहान करणे सेतू केंद्रावर पोचल्यावर सुरू करतात. घरीच, नेट नसतानाही, फोनवरच फाइल लहान करता येते. दाखला सपाट ठेवून, उजेडात, कडा कापून काळा-पांढरा स्कॅन करा. अक्षरही स्वच्छ येते आणि फाइलही हलकी होते. सर्व कागदपत्रे एका फोल्डरमध्ये नाव देऊन ठेवा आणि पहाटे चढवा. पहाटे टॉवरवर गर्दी नसते. शेवटच्या तारखेला संध्याकाळी कुणाचाच वेग चालत नाही.

मागच्या वर्षी एका मुलीचा अर्ज असाच 'सबमिट' दाबल्यावर गोल फिरत राहिला आणि मुदत गेली. तिच्याकडे पुरावा काहीच नव्हता. तेव्हापासून आम्ही सांगतो : अडकलेल्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि लगेच पोर्टलच्या तक्रार विभागात नोंद करा. वेळ टळून गेल्यावर 'नेट नव्हते' एवढ्या तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही.

मोजायचे कसे, विचारायचे कुणाला

मोजण्यासाठी ट्रायचे 'मायस्पीड' अॅप आहे, ऊकलाचे 'स्पीडटेस्ट' आहे. ही चाचणी जवळच्या मोकळ्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक धाग्यांनी जोडून घेते, त्यामुळे तिचा आकडा रोजच्या अनुभवापेक्षा चांगला येतो. एका चाचणीवर विसंबू नका. सकाळ, दुपार, रात्र असे तीन-चार दिवस मोजा आणि वहीत लिहा. ठिकाण, वेळ, डाउनलोड, अपलोड, उशीर. चाचणी स्वतःही डेटा खाते. २० एमबीपीएसवर दहा सेकंद म्हणजे २५ एमबी गेले, म्हणून मजा म्हणून दिवसात दहादा करू नये.

वहीतला आकडा प्लॅनपेक्षा सतत फार कमी येत असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा. त्यांनी दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. तिथे अर्ज पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहणारे आम्ही पाहिले आहेत. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येते. सेवेच्या दर्जाविषयीच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायचे आहेत. नकाशात तुमचे गाव ४जीने रंगवलेले आणि गावात फोन लागत नाही, असे असेल तर त्या नकाशाचा छापील कागद तक्रारीला जोडा. आपल्या वहीपेक्षा कंपनीचाच नकाशा बोलका ठरतो.

गावाच्या पातळीवर आणखी एक दार आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस पोचवायचे ठरले होते. शंभर म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, पंचायत, शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र मिळून. पुष्कळ पंचायतींत भिंतीवर पेटी लावलेली असते. तिचा दिवा लागतो का, शेवटचा कधी लागला होता, तिथून शाळेपर्यंत तार गेली आहे का, हे ग्रामसभेत विचारता येते आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते. धानोऱ्याच्या मेंढा-लेखाने बांबूचा हिशेब मागितला, त्याच जिल्ह्यात आपण आहोत. विचारताना 'नेट चालत नाही' असे मोघम न विचारता 'मंगळवारी सकाळी दहा वाजता पंचायतीत डाउनलोड ०.४ एमबीपीएस आले, योजनेत शंभर आहेत' असे विचारावे.

आमच्या अभ्यासिकेत आता दाराजवळ एक वही टांगली आहे. काकाजी रोज संध्याकाळी स्वतः वेग मोजतात आणि दोन रकान्यांत लिहितात, एकात एमबीपीएस, दुसऱ्यात आठने भागून आलेले एमबी. गेल्या महिन्यात सलग नऊ दिवस पहिल्या रकान्यात सहा-सात आले. ते पान त्यांनी तक्रारीला जोडले. दहाव्या दिवशी खांबावरचा जोड बदलून मिळाला आणि महिन्याच्या बिलातून तेवढे दिवस वजा झाले.